“माणूस उगाच कशाला कबूल करील?”

गेल्या महिन्यात वाकव्याला एका साखरपुड्यास जाण्याचा योग आला. जेवणे आटोपली होती आणि पुरुषमंडळी व्हरांड्यात खुर्च्या ओढून बसली होती. कोणाच्या तरी हातात त्या दिवशीचे वर्तमानपत्र होते. त्यात एका खटल्याची बातमी होती: आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात मागे घेतली, ती आपल्याकडून जबरीने घेतली असे त्याचे म्हणणे. त्यावर नवऱ्या मुलीचे मामा आमच्याकडे वळून म्हणाले, “अहो गुरुजी, स्वतःच्या तोंडाने कबूल केले, खाली सही केली. आता आणखी काय पाहिजे? निरपराध माणूस उगाच कशाला कबूल करील?”

त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. साध्या व्यवहारी माणसाला तो सुचणारच. तेथे बसलेल्या आठ-दहा जणांपैकी कोणापाशी उत्तर नव्हते, आणि आमच्यापाशी होते ते दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते. “मामा, हे मी लिहूनच सांगतो,” असे म्हणून आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. तो शब्द आज पाळीत आहोत.

ह्यासाठी वाचकांना थोडे दूर, जर्मनीत न्यावे लागेल. जर्मनी म्हणजे आपल्याला मोटारी, फुटबॉल आणि हिवाळा चुकवायला आपल्या समुद्रकिनाऱ्यावर येणारे पाहुणे एवढेच ठाऊक. तेथले पोलीस शिस्तीचे, कागदपत्र चोख. आमचेही मत असेच होते. पण मामांनी विचारला तोच प्रश्न त्या चोख देशातही सगळ्यांनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर कोणा वकिलाने नव्हे, तर एका नदीने दिले.

दक्षिणेकडील बव्हेरिया राज्यात डॅन्यूब नदीच्या काठी नॉयबुर्ग नावाचे गाव आहे. त्याच्या जवळ रुडॉल्फ रुप नावाचा शेतकरी राहात असे. २००१ सालच्या ऑक्टोबरात एका रात्री तो दारूच्या गुत्त्यातून आपल्या मर्सिडीज गाडीने घरी निघाला तो घरी पोहोचलाच नाही. माणूस नाही, गाडी नाही. घरात भांडणे होती हे सर्वांना माहीत होते. गावात कुजबूज सुरू झाली. दोन वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि २००४ च्या आरंभी पोलिसांनी त्याची बायको, दोन मुली व थोरलीचा होणारा नवरा ह्यांना धरले.

चौघांनीही कबुली दिली. ती कबुली अशी की वाचताना अंगावर काटा यावा. रुप घरी आला, त्याला डोक्यात हातोड्याने मारले, प्रेताचे तुकडे केले आणि ते अंगणातल्या कुत्र्यांना खाऊ घातले. गाडी भंगारात चिरडली गेली असावी असा तर्क झाला. घरात रक्ताचा थेंब सापडला नाही, हाडाचा तुकडा सापडला नाही, गाडीचा पत्राही सापडला नाही. पण कुत्र्यांनी सर्व खाल्ले म्हटल्यावर काही सापडणार तरी कसे? पुरावा नव्हता, आणि तो का नाही ह्याचे कारणही कबुलीनेच पुरविले होते. पुढे चौघांनी आपले म्हणणे मागे घेतले. पण माणूस उगाच कशाला कबूल करील? २००५ साली इंगोलश्टाटच्या न्यायालयाने बायकोला व होणाऱ्या जावयाला साडेआठ साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. मुलींना त्यांच्या कोवळ्या वयामुळे कमी, अडीच व साडेतीन वर्षांची. वरच्या न्यायालयानेही निकाल कायम केला.

२००९ च्या मार्चमध्ये बर्गहाइम येथल्या बंधाऱ्यापाशी डॅन्यूबच्या पाण्यातून एक मर्सिडीज बाहेर काढण्यात आली. आत रुडॉल्फ रुप होता. चालकाच्या जागेवर, अखंड. कोणी त्याचे तुकडे केले नव्हते, कोणत्या कुत्र्याने त्याला खाल्ले नव्हते, आणि कबुलीत सांगितलेल्या हातोड्याच्या घावाची खूण कवटीवर नव्हती.

आता वाचकांना वाटेल की दुसऱ्याच दिवशी तुरुंगाचे दार उघडले असेल. तसे झाले नाही. लांड्सहूटच्या न्यायालयाने खटला पुन्हा चालविण्यास आधी नकार दिला. तुकडे केल्याची गोष्ट खोटी ठरली म्हणून मारल्याची गोष्ट खोटी ठरत नाही, असा काहीसा तो युक्तिवाद. शेवटी २०१० साली म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाने फेरखटल्याचा हुकूम दिला आणि २०११ च्या फेब्रुवारीत सर्वजण सुटले. तोवर शिक्षा बहुतेक भोगून झाल्या होत्या.

येथे थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. चार माणसांनी, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, जी गोष्ट घडलीच नव्हती तीच गोष्ट सांगितली. तीही इतकी विलक्षण, की ती एकाच्या डोक्यातून येणे कठीण, मग चौघांच्या कशी येईल? ह्याचा एकच सरळ खुलासा आम्हाला सुचतो. त्या चौघांत सामाईक काय होते? प्रश्न विचारणारे सामाईक होते. त्या घरातली माणसे शिक्षण-बुद्धीने बेताची होती. तासन् तास प्रश्न, आणि त्या प्रश्नांतच उत्तराचे बी.

पण हे आम्ही अनुमानाने लिहीत आहोत, आणि खरी गोम हीच आहे. खोलीत कोणते शब्द बोलले गेले ते कोणालाच दाखविता आले नाही, कारण त्या खोलीत काय चालले ह्याचे ध्वनिमुद्रण झाले नव्हते. होते ते पोलिसांनी तयार केलेले कागद. जर्मनीत पुष्कळदा पद्धत अशी असे की अधिकारी बराच वेळ बोलून घेणार आणि मग त्याचा सारांश टंकून काढणार. सारांशाची भाषा अधिकाऱ्याची, पण वाक्ये मात्र “मी गेलो, मी मारले” अशी आरोपीच्या तोंडी घातलेली. खाली आरोपीची सही. अशा कागदावर उत्तर राहते आणि प्रश्न उडून जातो. शेतकऱ्याच्या बायकोने “कुत्रे” हा शब्द स्वतः उच्चारला, की “मग कुत्र्यांना घातले का?” ह्या प्रश्नाला नुसती मान हलविली? ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

हे आम्ही एवढ्या खात्रीने का म्हणतो ते सांगितलेच पाहिजे, जरी सांगताना लाज वाटते. प्रश्न विचारणे हा आमचा रोजचा धंदा. ट्रेनिंगच्या काळात आम्हाला शिकविले होते की ज्या प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेले आहे तो प्रश्न मुलाला विचारू नये, कारण मूल आपल्याला काय येते ते सांगत नाही, गुरुजींना काय हवे ते सांगते. वहीत आम्ही हे सुंदर अक्षरात उतरवून घेतले होते. पुढे काही वर्षांनी आमच्या वर्गात सहलीसाठी जमविलेले पैसे टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. दुपारच्या सुट्टीत वर्गात एकच मुलगा मागे राहिला होता. वय नऊ वर्षांचे, घरची स्थिती ओढगस्तीची. आम्ही त्याला जवळ बोलाविले. हात उगारला नाही, आवाजही चढविला नाही. “तू घेतलेस का? खरे सांग, मी रागावणार नाही. दुकानात गेला होतास का? बिस्किटे घेतलीस का? उरलेले कोणाला दिलेस का?” पहिल्या दोन-तीन वेळा तो नाही म्हणाला. पंधरा-वीस मिनिटांनी तो हो म्हणाला, आणि एकदा हो म्हटल्यावर मग सगळ्यालाच हो म्हणाला. दुकान, बिस्किटे, मित्र, सारे जुळले. हेडमास्तरांच्या नोंदवहीत आम्ही एक ओळ लिहिली: मुलाने पैसे घेऊन दुकानात खर्च केल्याचे कबूल केले.

चौथ्या दिवशी ते पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या घडीत सापडले. आम्हीच ठेवले होते.

मुलाला विचारले, “बाळा, तू मग हो का म्हणालास?” तो म्हणाला, “सर, मला घरी जायचे होते.” नोंदवहीतली ती ओळ आम्ही खोडली. पण आमचे पाच प्रश्न त्या वहीत कधी लिहिलेच गेले नव्हते, त्यामुळे खोडायला तेवढी एक ओळच होती.

नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. म्हणून बव्हेरियातलीच दुसरी हकीकत सांगतो. २००१ च्या मे महिन्यात, म्हणजे रुप नाहीसा झाला त्याच साली, लिश्टेनबर्ग नावाच्या लहानशा गावातून पेगी नावाची नऊ वर्षांची मुलगी शाळेतून घरी येताना नाहीशी झाली. साऱ्या देशात खळबळ उडाली. वर्षभराने, २००२ च्या जुलैत, गावातल्या एका मतिमंद तरुणाने खुनाची कबुली दिली. अंगाने तो पुरुष होता, पण लहानपणी मेंदूला झालेल्या आजारामुळे त्याची समज आठ-दहा वर्षांच्या मुलाइतकी होती. मुलांशी गैरवर्तन केल्याचा ठपका त्याच्यावर होता, त्यामुळे गावाला त्याच्याबद्दल सहानुभूती वाटण्याचे कारण नव्हते. ज्या वेळी त्याने कबुली दिली त्या वेळी त्याचे वकील हजर नव्हते, आणि त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण नाही. आठवणीवरून मागाहून लिहिलेले टिपण तेवढे आहे. खून कसा घडला असावा ह्याचा एक आराखडा पोलिसांच्या तज्ज्ञाने कबुलीच्या आधीच मांडून ठेवला होता, आणि कबुली त्याच्याशी पुष्कळ मिळतीजुळती होती. हे तर पुष्कळ वर्षांनी बाहेर आले. ज्या मनोविकारतज्ज्ञांनी कबुली विश्वसनीय मानली त्यांना त्या आराखड्याची कल्पना नव्हती.

२००४ साली होफच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मुलीचे प्रेत तेव्हाही सापडले नव्हते. २०१४ च्या मे महिन्यात बायरॉइट येथे फेरखटला होऊन तो खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटला. आणखी दोन वर्षांनी शेजारच्या थुरिंगिया राज्यातल्या रानात अळंबी वेचणाऱ्या माणसाला त्या मुलीची हाडे सापडली. खुनी कोण हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. २०२० साली तपास बंद करण्यात आला. त्या मुलीच्या आईचा विचार मनात आला की लेखणी थांबते. खोट्या कबुलीने एका निरपराध्याचे आयुष्य जाते एवढेच नव्हे, खऱ्या अपराध्याला शोधायची वर्षेही त्याच्याबरोबर निघून जातात.

जर्मन लोक ह्या बाबतीत बेफिकीर होते असे मात्र कोणी समजू नये. हिटलरच्या काळात गेस्टापो पोलिसांच्या कोठड्यांत कबुल्या कशा निघत हे त्यांनी भोगले आहे. म्हणूनच युद्धानंतर १९५० साली त्यांनी आपल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात १३६-अ हे कलम घातले. मारहाण, थकवून टाकणे, औषधे टोचणे, छळ, फसवणूक, संमोहन, ह्यांपैकी काहीही वापरून मिळविलेला जबाब न्यायालयात चालणार नाही; आरोपी स्वतः चालेल म्हणाला तरी चालणार नाही. इतके कडक कलम फार थोड्या देशांत असेल. पण कलम कितीही कडक असले तरी बंद खोलीत ते मोडले की पाळले हे कळणार कसे? पूर्व जर्मनीत, तिकडे साम्यवादी राजवट होती तेव्हा, श्टासी ह्या गुप्त पोलिसांच्या बर्लिनमधील होहेनशोनहाउझेनच्या तुरुंगात कैद्यांच्या रात्रंदिवस चौकश्या चालत आणि शेवटी सहीचे नीटनेटके कागद तयार होत. आज तेथे स्मारक आहे. कागद नीटनेटका आहे ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्या खोल्या पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही म्हणतात.

बंद खोलीत काय झाले ते एकदा मात्र पोलिसांनीच लिहून ठेवले. २००२ साली फ्रांकफुर्ट येथे एका बँकरच्या अकरा वर्षांच्या मुलाला पळविण्यात आले. संशयित सापडला पण मुलगा कोठे आहे ते सांगेना. तेव्हा पोलिसांचे उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर ह्यांनी त्याला असह्य वेदना देण्याची धमकी द्यायला लावली. त्याने जागा सांगितली. मुलगा आधीच मारला गेला होता. डाश्नर ह्यांनी ही गोष्ट लपविली नाही, स्वतःच दप्तरात टिपण केले, आणि त्यांच्यावर खटला झाला. २०१० साली स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही जर्मनीला दोष दिला. डाश्नर ह्यांच्या हेतूबद्दल मतभेद होतील. घरोघरी झालेही. आम्हाला त्यात दिसते ते एवढेच, की एका अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे टिपण केले म्हणून जगाला कळले. टिपण केले नसते तर संशयिताच्या शब्दाला कोणी विचारले असते?

असो. हळूहळू मत बदलत गेले. २०१४ साली न्यायमंत्री हायको मास ह्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली आणि पुढल्या वर्षी तिने शिफारस केली की गंभीर गुन्ह्यांतील चौकशीचे चित्र व आवाज दोन्ही मुद्रित व्हावेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तसा कायदा झाला. पोलीस खाते हे तेथे सोळा राज्यांच्या हाती असल्यामुळे खोल्या आणि यंत्रे सज्ज करायला अवधी देऊन १ जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. हेतुपुरस्सर मनुष्यवधाचा संशय असेल तेव्हा मुद्रण केलेच पाहिजे. तसेच गुन्हा कोणताही असो, ज्याची समज कमी आहे किंवा ज्याला गंभीर मानसिक विकार आहे अशा आरोपीचे हित त्यामुळे अधिक राखले जात असेल तर केलेच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी बाल-न्यायाच्या कायद्यात २०१९ च्या डिसेंबरात वेगळे कलम आले: ज्या प्रकरणात वकील आवश्यक आहे पण तो हजर नाही, तेथे मुद्रण सक्तीचे. डॅन्यूबकाठचे ते घर आणि लिश्टेनबर्गचा तो तरुण, दोघेही ह्या कायद्याच्या छत्राखाली आले असते.

कायद्यातली आणखी एक तरतूद आम्हाला विशेष वाटली. पोलिसांनी लिहिलेला जबाबाचा कागद तेथे कबुलीचा पुरावा म्हणून न्यायालयात वाचून दाखविता येत नाही. अधिकाऱ्याने स्वतः साक्षीदार म्हणून येऊन “तो असे असे म्हणाला” हे सांगावे लागते. म्हणजे पुन्हा अधिकाऱ्याची स्मरणशक्ती. चित्रमुद्रण असेल तर मात्र ते सरळ न्यायाधीशांपुढे दाखविता येते. म्हणजे हा कायदा केवळ आरोपीच्या बाजूचा नाही. ज्या अधिकाऱ्याने सरळपणे चौकशी केली त्याच्यावर खोटा आळ आला तर त्यालाही ह्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

विरोध झालाच. खर्च फार, वेळ फार. कॅमेऱ्यापुढे माणूस तोंड उघडणार नाही, ही मोठी हरकत. हरकत अगदीच पोकळ नाही; वर्गात इन्स्पेक्टर आले की आमची बोलकी मुलेही गप्प होतात. पण इंग्लंडात १९८४ च्या पोलीस व पुरावा कायद्यानंतर चौकशी टेपवर घेण्याची पद्धत पडली. आरोपीच्या देखत दोन कॅसेटी एकदम फिरत, एक त्याच्यासमोर मोहोरबंद होई, दुसरी कामासाठी ठेवीत. म्हणून काही इंग्लंडच्या तुरुंगांना कुलूप लागले नाही. तेथेही आधी धडा मिळावा लागला होता. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फे ह्याच्या खुनात तीन मुलांनी कबुली दिली, त्यांतल्या एकाची समज आठ वर्षांच्या मुलाची. १९७५ साली तिघांच्याही शिक्षा रद्द झाल्या. त्याच्या चौकशीतून पुढचा तो कायदा निघाला.

कॅमेरा बसविला की काम झाले असेही नाही. तो कोठे रोखला आहे ह्याला महत्त्व आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लासिटर ह्यांनी प्रयोग करून दाखविले की कॅमेरा फक्त आरोपीच्या तोंडावर रोखलेला असेल तर पाहणाऱ्याला कबुली स्वखुशीची वाटते. तेच संभाषण अधिकारी आणि आरोपी दोघेही सारखे दिसतील असे घेतले तर पाहणारा अधिक सावधपणे ठरवितो. म्हणजे येथेही तेच. विचारणाराही दिसला पाहिजे. न्यूझीलंडने ही गोष्ट ध्यानात घेऊन दोघांना बाजूने टिपण्याची पद्धत घेतली.

जर्मन कायद्यात भोके आहेत. दरोडा, बलात्कार, चोरी ह्यांत सामान्य माणसाच्या चौकशीसाठी सक्ती नाही. घाई असेल किंवा बाहेरची परिस्थिती आड येत असेल तर सूट आहे, आणि घाई होती की नव्हती हे आधी ठरविणार पोलीसच. मुद्रण करायला हवे होते आणि केले नाही, तर त्या जबाबाचे काय करायचे हे कायदा स्पष्ट सांगत नाही. आणि कॅमेरा सुरू होण्यापूर्वी, गाडीत किंवा कॉफी पिताना जे “सहज” बोलणे होते, ते कोठेच उमटत नाही. आमच्या मते सर्वात मोठे भोक हेच. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला शेवटच्या पाच मिनिटांसाठी कॅमेऱ्यापुढे बसविले असते, तर त्याने बिस्किटांची हकीकत किती गोड सांगितली असती!

आणखी एक नवल. जर्मनीच्या मोठ्या फौजदारी न्यायालयांत साक्षीदार काय बोलला ह्याची शब्दशः नोंद आजही होत नाही. २०२३ साली ती सक्तीची करणारे विधेयक बुंडेस्टागने संमत केले, पण राज्यांच्या सभेने ते अडविले आणि संसदेच्या मुदतीबरोबर ते बुडाले. तेव्हा चोख कागदपत्रांच्या त्या देशालाही अजून मजल मारायची आहे.

आपल्या पूर्वजांनी ज्या मुंबई बंदरातून जहाज धरले तेथली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. इंग्रज सरकारलाही आपल्या पोलिसांची पद्धत चांगली ठाऊक होती! परंतु महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा केला, त्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. ती लिहून घ्यावी किंवा कॅसेट, टेप अशा साधनावर घ्यावी, असे दोन्ही मार्ग त्यात ठेवले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यात कागदावरच्या कबुल्या होत्या. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली, त्यांत पाच फाशीच्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. कबुल्यांचे काही भाग एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि त्या छळाने घेतल्या गेल्याचे दिसते, असे न्यायालयाने म्हटले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधारासाठी वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना पुन्हा आत धाडले नाही. जी माणसे गाडीत मेली त्यांच्या घरच्यांना आज काय वाटत असेल? एकोणीस वर्षांनी त्यांच्या हातात काय आले? टेपचा मार्ग कायद्यातच लिहिलेला होता.

२०२० च्या डिसेंबरात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत आणि चौकशीच्या खोल्यांत आवाजासह कॅमेरे बसवा असा हुकूम दिला. हुकूम आहे, कॅमेरे सगळीकडे चालू नाहीत.

आणि आपण? १९९९ च्या फेब्रुवारीत गायक काया कोठडीत मेला तेव्हा ह्या बेटावर काय झाले ते चाळिशीतल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. २०११ साली उत्तरेकडच्या एका हॉटेलात आयर्लंडहून आलेल्या नववधूचा खून झाला. त्या खटल्यातही एका आरोपीची सही असलेली कबुली होती, मारहाण करून घेतली असे बचावाचे म्हणणे होते, आणि २०१२ च्या जुलैत ज्यूरीने दोघांनाही निर्दोष सोडले. त्या कबुलीच्या वेळी खोलीत काय झाले? पोलीस एक सांगतात, आरोपी दुसरे सांगतो. आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या घरी बसून आपापला निकाल लावला. त्यापलीकडे आपल्याला काही करताही येत नव्हते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही मामांना वाचून दाखविला. ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, “ते सगळे ठीक आहे, गुरुजी. पण तो शेतकरी मग नदीत गेला कसा?”

ह्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. लांड्सहूटच्या न्यायालयापाशीही नव्हते. तो दारू पिऊन स्वतःच पाण्यात गेला, की त्याला कोणी ढकलले, हे साडेसात वर्षे नदीच्या तळाशी राहिलेल्या शरीरावरून कोणाला सांगता आले नाही. पहिल्या आठवड्यात नदीचा तळ शोधला असता तर कदाचित सांगता आले असते. पण ते हयात असताना कोणी विचारले नाही, आणि मेल्यावर कुत्र्यांनी खाल्ले असे चौघांनी सांगितल्यावर नदी कोण शोधतो?